अंतराळयानातली मुंबईकर

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकी मालिका तीनच वर्षांत बंद पडली. पण तिच्यावर जीव जडलेल्या प्रेक्षकांनी तिला मरू दिले नाही. दहा वर्षांनी ती पडद्यावर परतली, तेव्हा तिच्या अंतराळयानातली एक खुर्ची मुंबईच्या पर्सिस खंबाटाला मिळाली. त्या खुर्चीसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले. जेमतेम ४९ वर्षे जगलेल्या या मुलीची आणि त्या अल्पायुषी मालिकेची ही कहाणी.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शन गावोगाव पोहोचले. १९८४ साली तर देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभारण्याचा सपाटाच लागला होता. आज धाराशिव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातही माळवदांवर आणि पत्र्यांवर अँटेना दिसू लागले. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या घरी रविवारी सकाळी अर्धी गल्ली गोळा होई. कुणीतरी वर चढून अँटेना फिरवायचे, खालून कुणीतरी ओरडून चित्र आल्याची वर्दी द्यायचे, आणि पडद्यावर मुंग्यांतून हळूहळू माणसे उमटायची.

तशी आकाशातून येणाऱ्या चित्रांची गोष्ट या भागाला अगदीच परकी नव्हती. उमरगा तालुक्याला लागून असलेल्या कर्नाटकातल्या गुलबर्गा जिल्ह्यातील निवडक खेड्यांत १९७५-७६ साली अमेरिकी उपग्रहावरून थेट कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला होता. वर्षभरात तो प्रयोग संपला, उपग्रह दुसरीकडे गेला. पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या बोलण्यातून तो पुढे कितीतरी वर्षे गेला नाही. काही गोष्टींचे आयुष्य थोडे आणि आठवण मोठी असते. ‘स्टार ट्रेक’ ही त्यांतलीच एक.

रविवारच्या सकाळी दूरदर्शनवर लागणाऱ्या त्या इंग्रजी मालिकेतले संवाद आपल्याकडे किती जणांना कळत होते, हा प्रश्न वेगळा. टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक मात्र सर्वांना कळला. एका किरणात उभे राहून माणसे क्षणात दुसऱ्या ग्रहावर उतरतात, हेही कळले. ही मालिका मूळ देशात १९६९ सालीच बंद पडली होती, याचा मात्र कुणाला पत्ताच नव्हता. आणि तिच्या पुनर्जन्मात आपल्या मुंबईच्या एका मुलीचा वाटा आहे, हे ठाऊक असलेले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील.

मुंबईची पारशी पोर

पर्सिसचा जन्म मुंबईतला, २ ऑक्टोबर १९४८ चा. घर मध्यमवर्गीय पारशी. ती दोन वर्षांची असतानाच वडील घर सोडून गेले. पदरात मुले, मिळकत बेताची, अशा घरात मुलगी लवकर शहाणी होते. पर्सिसही झाली. तेरा वर्षांची असतानाच तिचे छायाचित्र एका साबणाच्या जाहिरातीवर झळकले. रेक्सोना साबणाची ती जाहिरात गाजली आणि शाळकरी पर्सिसला कामे मिळू लागली.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. जाहिरातीत चेहरा देणे हा तेव्हा चांगल्या घरच्या मुलींचा व्यवसाय समजला जात नव्हता. मुंबईसारख्या शहरातही लोक नाके मुरडत. तरीही १९६५ साली, सतरावे वर्ष पुरे होण्याआधीच, पर्सिसने ‘फेमिना’ची मिस इंडिया स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी ती अमेरिकेतल्या मायामी बीचला मिस युनिव्हर्स स्पर्धेसाठी गेली. तिथे मुकुट मिळाला नाही. पण जग केवढे मोठे आहे ते दिसले. पुढे एअर इंडियाच्या आणि गार्डन वरेली साड्यांच्या जाहिरातींतून तिचा चेहरा घराघरांत पोहोचला.

साठच्या दशकाच्या अखेरीस ख्वाजा अहमद अब्बास यांनी तिला ‘बंबई रात की बाहों में’ या चित्रपटात घेतले. क्लबात गाणाऱ्या नर्तकीची ती भूमिका होती. हिंदी चित्रपटसृष्टीत तेव्हा अशा भूमिकांचा एक कप्पा ठरलेला असे. पाश्चात्त्य वळणाची, केस मोकळे सोडणारी, इंग्रजी उच्चारांची मुलगी त्या कप्प्यात गेली की बाहेर येत नसे. पर्सिसने त्या कप्प्यात राहण्यापेक्षा देश सोडणे पसंत केले. ती आधी लंडनला आणि मग हॉलिवूडला गेली.

परदेशात तरी काय वेगळे होते? तिथेही कप्पा होताच, फक्त त्यावरची पाटी निराळी होती. १९७५ साली तिचे दोन चित्रपट आले. ‘कंडक्ट अनबिकमिंग’ हा हिंदुस्थानातल्या ब्रिटिश छावणीत घडणारा, तर ‘द विल्बी कॉन्स्पिरसी’ हा दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषावरचा. दुसऱ्यात सिडनी पॉयटिए आणि मायकेल केन यांच्यासारखे मातब्बर नट होते. दोन्हीकडे पर्सिस हिंदुस्थानी बाई म्हणूनच होती. कथेला हिंदुस्थानी बाई लागली तर पर्सिस, नाहीतर घरी बसणे. परक्या मुलखात पोट भरू पाहणाऱ्या कलावंताचे हे दुखणे जुनेच आहे.

बंद पडलेली मालिका

इथे थोडे मागे जाऊन ‘स्टार ट्रेक’कडे वळायला हवे. जीन रॉडनबेरी हा एकेकाळचा वैमानिक, नंतर लॉस एंजेलिसचा पोलीस आणि मग दूरचित्रवाणीचा लेखक. त्याने १९६४ साली एका अंतराळयानाच्या प्रवासाची मालिका मांडली. तिचा पहिला नमुनाभाग वाहिनीने नाकारला. दुसरा मान्य झाला आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी मालिका सुरू झाली.

यानाचे नाव ‘एंटरप्राइज’. त्याच्या नियंत्रणकक्षात कोण कोण बसले होते, ते पाहण्यासारखे आहे. कप्तान अमेरिकी, यंत्रांचा प्रमुख स्कॉटिश, सुकाणूवर आशियाई वंशाचा सुलू, संदेशवहनाची सूत्रे कृष्णवर्णीय उहुरा या तरुणीकडे, आणि शेजारी परग्रहावरच्या बापाचा व पृथ्वीवरच्या आईचा मुलगा स्पॉक. दुसऱ्या वर्षी त्यांत चेकॉव्ह हा रशियन तरुणही आला. त्या वेळी अमेरिका आणि रशिया एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले होते. अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्णद्वेषाविरुद्ध मोर्चे निघत होते, व्हिएतनामात बाँब पडत होते. आणि या मालिकेत हे सगळे लोक एकाच खोलीत शेजारी शेजारी बसून आपापले काम करत होते. त्याबद्दल कुणी भाषण ठोकत नव्हते. जणू तीनशे वर्षांनंतर जगात असेच असणार, यात सांगण्यासारखे काय आहे!

मालिकेच्या टिकून राहण्याचे मर्म बहुधा इथे आहे. सेट पुठ्ठ्याचे होते, राक्षस रबराचे होते, ग्रहांवरचे खडक हलत होते. आजची मुले ते पाहून हसतात. पण माणूस उद्याही असेल आणि आजच्यापेक्षा थोडा शहाणा असेल, हा विश्वास त्या पुठ्ठ्यातून लोकांपर्यंत पोहोचला. ज्या घरांत वर्तमानपत्र उघडायची भीती वाटत होती, त्या घरांना तो हवा होता.

प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात मात्र मालिका कधीच वर आली नाही. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ती बंद होणार अशी कुणकुण लागताच चाहत्यांनी वाहिनीवर पत्रांचा मारा केला. शेवटी मार्च १९६८ मध्ये वाहिनीला मालिका चालू राहणार असल्याचे पडद्यावरूनच जाहीर करावे लागले. तिसऱ्या वर्षी पैसा कमी केला, वेळ शुक्रवारी रात्री उशिराची दिली. व्हायचे तेच झाले. ३ जून १९६९ रोजी ७९ वा भाग दाखवून मालिका संपली. दैवयोग असा, की त्यानंतर सातच आठवड्यांनी माणूस खरोखर चंद्रावर उतरला.

इथून खरी गंमत सुरू होते. छोट्या-छोट्या स्थानिक केंद्रांनी जुने भाग स्वस्तात घेऊन संध्याकाळी पुन्हा दाखवायला सुरुवात केली. शाळा-कॉलेजांतून परतलेली मुले ते पाहू लागली. १९७२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांनी मेळावा भरवला. काही शे लोक येतील अशी अटकळ होती. आले तीन हजारांहून अधिक. १९७६ साली तर चाहत्यांच्या पत्रांमुळे अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलचे नाव बदलून ‘एंटरप्राइज’ ठेवण्यात आले. एका बंद पडलेल्या मालिकेतल्या खोट्या यानाचे नाव एका खऱ्या यानाला मिळाले!

केसांचे मोल

चाहत्यांची ही चिकाटी पाहून पॅरामाऊंट कंपनीने १९७७ साली मालिका नव्याने काढायचे ठरवले. तिच्यासाठी रॉडनबेरीने इलिया नावाची एक नवी व्यक्तिरेखा लिहिली होती. डेल्टा ग्रहावरची ही तरुणी यानाची दिशादर्शक अधिकारी, म्हणजे अथांग अवकाशात वाट दाखवणारी. तिच्या ग्रहावरच्या स्त्रियांच्या डोक्यावर केस नसतात. या भूमिकेसाठी शेकडो मुली पाहिल्या गेल्या आणि निवड झाली पर्सिस खंबाटाची. डोक्याचे पूर्ण मुंडण करावे लागेल, याची कल्पना रॉडनबेरीने तिला आधीच दिली होती. तरीही ती तयार झाली.

लांबसडक केसांवर जिने मिस इंडियाचा मुकुट चढवला होता, तिच्यासाठी हा निर्णय सोपा नव्हता. आपल्या समाजात तर त्याला आणखी एक काळी किनार आहे. मुंडण केलेली बाई म्हटले की मराठी घरांना आठवते ती आलवणातली, माजघराच्या अंधारात बसलेली विधवा. केशवपनाच्या त्या दुष्ट रूढीविरुद्ध महात्मा फुले आणि त्यांचे सहकारी झगडले; विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा निर्धार नाभिक मंडळींनी केला. त्या झगड्याला शंभर वर्षे पुरी होण्याआधी मुंबईची एक मुलगी आपल्या मर्जीने वस्तऱ्याखाली बसली. ज्या बोडक्या डोक्याने बाईला जगापासून लपायला लावले, तेच डोके ताठ ठेवून ती जगासमोर आली आणि जगाने तिला सुंदर म्हटले. पर्सिसच्या मनात हा इतिहास असेल असे नाही. पण मराठी प्रेक्षकाला तो आठवल्यावाचून कसा राहील?

तिच्याशी करार झाला होता तो पाच वर्षांच्या मालिकेचा. पाच वर्षे काम, पाच वर्षे ओळख! एकाकी आईच्या घरात वाढलेल्या मुलीला याचे मोल सांगायला नको. पण नशिबाने पाने पिसली. मालिका सुरू होण्यापूर्वीच कंपनीने बेत बदलला. अवकाशपटांना तुफान गर्दी होऊ लागली होती, तेव्हा मालिकेऐवजी एकच भव्य चित्रपट काढायचे ठरले. जुने नट परत आले, रॉबर्ट वाइज यांच्यासारखा नामवंत दिग्दर्शक आला. मालिकेसाठी नव्याने निवडलेल्यांपैकी काहींच्या वाट्याला निराशा आली. पर्सिस मात्र टिकली. पाच वर्षांच्या जागी तिला एक चित्रपट मिळाला.

चित्रीकरण ऑगस्ट १९७८ पासून जानेवारी १९७९ पर्यंत चालले. एवढे महिने तिला रोज डोके भादरून घ्यावे लागे. केस पुन्हा पहिल्यासारखे येतील ना, ही धास्ती तिला होतीच.

यंत्राने निवडलेला चेहरा

७ डिसेंबर १९७९ रोजी ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ अमेरिकेत झळकला. त्याची कथा थोडक्यात अशी. एक अजस्र ढग वाटेत येईल ते गिळत पृथ्वीकडे येत आहे. त्याच्या पोटात व्हीजर नावाची प्रचंड यंत्रबुद्धी आहे. ती इलियाला उचलून नेते आणि माणसांशी बोलण्यासाठी तिच्याच रूपाची एक यंत्रस्त्री यानात पाठवते. चेहरा तोच, आवाज यांत्रिक, गळ्याशी एक लकाकणारा ठिपका. मात्र त्या यंत्रात कुठेतरी मूळच्या इलियाची आठवण शिल्लक आहे. पर्सिसला या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर दाखवायच्या होत्या. केसांचा, दागिन्यांचा, भरजरी कपड्यांचा आधार नाही, फक्त डोळे. ते काम तिने मोठ्या संयमाने केले आहे. अमेरिकेतल्या विज्ञानपटांसाठी दिल्या जाणाऱ्या सॅटर्न पुरस्कारात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तिला नामांकनही मिळाले.

शेवटी रहस्य उलगडते ते असे : व्हीजर म्हणजे पृथ्वीवरूनच पाठवलेले, हरवलेले ‘व्हॉयेजर’ यान. त्याच्या नावाची मधली अक्षरे काजळून गेल्यामुळे ते स्वतःला व्हीजर समजते आहे आणि आपल्या निर्मात्याला शोधत घरी परतले आहे.

हे यान काल्पनिक. पण खरी दोन व्हॉयेजर याने १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच अवकाशात गेली होती. त्यांच्याबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. परग्रहावर कुणी भेटलेच, तर त्यांना पृथ्वीची ओळख पटावी म्हणून तीत जगभरचे निवडक संगीत भरले आहे. त्यात भारताचा आवाज एकच, तो सूरश्री केसरबाई केरकर यांचा. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाईंची भैरवी तीत आहे. पहिले व्हॉयेजर निघाले ५ सप्टेंबर १९७७ ला आणि केसरबाई गेल्या त्याच महिन्याच्या १६ तारखेला. खऱ्या व्हॉयेजरने माणसाची ओळख म्हणून जगाच्या इतर सुरांबरोबर आपल्या मातीतल्या एका बाईचा सूर सोबत घेतला. चित्रपटातल्या व्हॉयेजरने माणसाशी बोलण्यासाठी मुंबईच्या एका मुलीचा चेहरा घेतला. दोन्ही निवडी करणाऱ्यांची एकमेकांशी काही गाठभेट नव्हती. योगायोग म्हणायचा, दुसरे काय!

आणखी एक गोष्ट. १९६७ साली याच मालिकेच्या एका भागात खान नूनियन सिंग नावाचा खलनायक होता. तो उत्तर भारतातला शीख असावा असे कथेतच म्हटले होते. ती भूमिका केली रिकार्डो मोंटलबान या मेक्सिकोत जन्मलेल्या नटाने. भारतीय माणूस उभा करायला तेव्हा त्यांना भारतीय नट लागला नव्हता. बारा वर्षांनी याच यानात एक खरीखुरी भारतीय स्त्री बसली आणि तिला हिंदुस्थानी बाईचे सोंग घ्यावे लागले नाही. साडी नाही, कुंकू नाही, राजमहाल नाही. ती एक अधिकारी होती, आपल्या कामात तरबेज होती, एवढीच तिची ओळख. परदेशातल्या आपल्या कारकिर्दीत पर्सिसला कप्प्याबाहेरची मोठी भूमिका मिळाली ती या एकाच ठिकाणी.

उतरणीचा रस्ता

चित्रपटावर समीक्षक फारसे खूश नव्हते. संथ आहे, लांबला आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रेक्षकांनी मात्र रांगा लावल्या. सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात १४ कोटींच्या आसपास कमाई केली. त्यामुळेच पुढचे चित्रपट निघाले आणि १९८७ साली नवी मालिकाही आली. तिथून सुरू झालेली परंपरा आजतागायत चालू आहे. कथेत इलिया शेवटी व्हीजरमध्ये विलीन होते. म्हणून पुढच्या चित्रपटांत पर्सिसला जागा नव्हती. ज्या दाराला तिने खांदा लावला, त्यातून बाकीचे आत गेले आणि ती बाहेर राहिली.

एप्रिल १९८० मध्ये ऑस्कर सोहळ्यात पारितोषिक देण्यासाठी तिला मंचावर बोलावण्यात आले. हा मान मिळालेली पहिली भारतीय नागरिक म्हणून तिची नोंद होते. ते शिखर. त्याच वर्षी जर्मनीत मोटार अपघात झाला, ती जबर जखमी झाली आणि डोक्यावर मोठा व्रण राहिला. ‘नाइटहॉक्स’ (१९८१) मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनच्या विरोधात ती दहशतवादी झाली. त्यानंतरचे ‘मेगाफोर्स’सारखे चित्रपट आले आणि गेले. १९८३ साली हृदयावर बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा ती पस्तिशीचीही नव्हती.

१९८५ साली ती मुंबईला परतली. ‘शिंगोरा’ या हिंदी मालिकेत तिने काम केले. म्हणजे ज्या दिवसांत दूरदर्शनवरून ‘स्टार ट्रेक’चे जुने भाग आपल्या घरांत येत होते, त्याच सुमारास त्या यानातली एक अधिकारी याच राज्यात, आपल्यातच राहायला आली होती. पण जुन्या भागांत ती नव्हती, आणि चित्रपट आपल्या गावांपर्यंत पोहोचला नव्हता. त्यामुळे ही सांगड कुणाला घालता आली नाही. पुढे ती पुन्हा अमेरिकेला गेली, छोटी कामे केली. १९९३ साली ‘लोइस अँड क्लार्क’ या सुपरमॅनवरच्या मालिकेच्या पहिल्या भागात ती दिसली. हे तिचे शेवटच्या कामांपैकी एक.

१९९७ साली तिने एक वेगळेच काम हातावेगळे केले. आजवरच्या मिस इंडियांवर ‘प्राइड ऑफ इंडिया’ नावाचे पुस्तक काढले. एक वर्ष मुकुट आणि मग विस्मृती, हा त्या मुलींचा नेम तिला स्वानुभवाने ठाऊक होता. पुस्तक तिने मदर तेरेसांना अर्पण केले आणि मानधन त्यांच्या संस्थेला दिले.

१८ ऑगस्ट १९९८ रोजी मुंबईत तिच्या छातीत दुखू लागले. दक्षिण मुंबईतल्या रुग्णालयात नेले, पण उपयोग झाला नाही. पन्नाशीला दीड महिना कमी होता.

राहिले ते काय?

बेरीज केली तर हाती फार लागत नाही : एक मुकुट, डझनभर चित्रपट, एक पुस्तक. दोन तासांच्या एका चित्रपटातली एक भूमिका सोडली, तर तिची बाकीची कामे आज कुणी मुद्दाम शोधून पाहत नाही. पण त्या भूमिकेला अजून प्रेक्षक आहेत, आणि ते तिला मिळाले ते त्या बंद पडलेल्या मालिकेच्या चाहत्यांमुळे. २०२२ साली दिग्दर्शकाच्या पसंतीची आवृत्ती नव्या तंत्राने उजळून पुन्हा दाखवली गेली, तेव्हा पर्सिसला जाऊन २४ वर्षे झाली होती आणि तिच्यानंतर जन्मलेली मुले ती पाहत होती.

तीन वर्षांत संपलेल्या मालिकेला प्रेक्षकांनी जगवले. त्या मालिकेने आपल्या एका मुलीला जगवले. ज्यांनी तिला कामे दिली वा नाकारली, त्यांतल्या बहुतेकांची नावेही आता पुसट झाली आहेत. पत्रे लिहिणारे, मेळावे भरवणारे, जुने भाग पुन्हा पुन्हा पाहणारे साधे लोक मात्र तिला विसरले नाहीत. कलावंताचे अखेरचे घर प्रेक्षकाच्या मनात असते, असे आपल्याकडची नाटकवेडी मंडळी मानतात. ते अमेरिकेतही तितकेच खरे निघाले.

आता धाराशिवच्या माळवदांवर अँटेना उरले नाहीत. हातातल्या फोनवर जगभरचे सारे काही दिसते. एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन हा जुना चित्रपट जरूर पाहा. संथ वाटेल, मुले चुळबुळतील. पण दिशादर्शकाच्या खुर्चीवर ताठ मानेने बसलेली ती तरुणी दिसली, की ती आपल्या मुंबईची आहे, हे त्यांना आवर्जून सांगा. आणि खरे व्हॉयेजर या घडीला पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटरांहूनही दूर, केसरबाईंची भैरवी सोबत घेऊन पुढेच चालले आहे, हेही सांगा.